सेनोबिओकाका अजून आत आहेत

"दहा मिनिटांचं काम!" असं विल्बेर सेहास म्हणाला की पुकामायूच्या नगरपालिकेतली माणसं घरी निरोप पाठवायची, की जेवायला थांबू नका. गावात कॉम्प्युटर समजणारा तो एकटाच. त्यामुळे त्याची दहा मिनिटं खरी किती लांब असतात हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. स्वभावाने माणूस चांगला. फक्त आपल्या हातून चूक होऊ शकते ही गोष्ट त्याला दरवेळी नव्याने कळायची.

सर्व संतांच्या सणाला त्याची नेमणूक दफनभूमीच्या कचेरीत असे. या दिवशी मेलेली माणसं भर दुपारी बाराला घरी येतात, मांडलेल्या टेबलाशी बसून खातात, पितात, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला परत निघतात. निरोप द्यायला सगळं गाव दफनभूमीत लोटतं आणि कोण कुठे आहे ते कचेरीत विचारतं. दोन पावसाळ्यांपूर्वी नदी आत घुसली, जमिनीतल्या कबरी खचल्या आणि सगळ्या पेट्या उचलून नव्या भिंतींच्या कोनाड्यांत ठेवाव्या लागल्या. पाट्या अजून बसायच्या होत्या. कागदाची दफ्तरं नदीबरोबर गेली. कोण कोणत्या कोनाड्यात, हे आता फक्त कॉम्प्युटरला माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर होविताबाई नावाची एक विधवा तक्रार घेऊन आली.

"साहेब, माझ्या नवऱ्याचं नाव पोन्सिआनो ग्वारायो. तुमच्या यादीत 'काणा' लिहिलंय. गाव त्याला काणाच म्हणायचं, मीही म्हणायचे, पण मेल्यावर तरी माणसाला नीट नावाने हाक मारा की!"

"दहा मिनिटांचं काम!" विल्बेर म्हणाला.

कचेरीतल्या प्रोग्रॅममधून सरळ नाव बदलता आलं असतं. पण ते कारकुनांनी करायचं. विल्बेरने थेट डेटाबेसलाच हुकूम सोडला: नावाच्या जागी 'पोन्सिआनो ग्वारायो' लिही. कुणाच्या नावाच्या जागी, ते सांगायचं राहून गेलं. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. कुणा एकाचं नाव सांगितलं नाही म्हणजे सगळ्यांसाठीच असणार, असं समजून त्याने काम फत्ते केलं. बायका, पुरुष, तान्ही मुलं, दोन पाद्री आणि एक माजी नगराध्यक्ष, सगळे एका क्षणात पोन्सिआनो ग्वारायो झाले!

विल्बेरने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. सकाळचाच बॅकअप होता. रिस्टोअर सुरू केलं की यादी जशीच्या तशी परत. त्याने ते सुरू केलं. स्क्रीनवर ओळ आली: 'जुनी यादी काढत आहे'. घरी वडिलांचं टेबल मांडलेलं होतं, म्हातारा वाट पाहत असणार. होईल आपलं आपण, म्हणून तो घरी गेला.

सकाळी येऊन पाहतो तो ओळ तीच. 'जुनी यादी काढत आहे'. ना पुढे ना मागे!

फाटकाबाहेर माणसं जमली होती. डोक्यावर पावाची टोपली घेतलेली एक बाई सगळ्यांत पुढे होती. कचेरीच्या प्रमुख नेल्बाबाईंनी तिला आत घेतलं. नाव रोक्साना रिओहा. ब्युनोस आयर्सहून तीन बस बदलून आली होती. तिथे ती शिवणकामाच्या कारखान्यात होती.

"आई गेली तेव्हा सरहद्द बंद होती," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मालकाने रजा दिली नाही. भाऊ होता, तोही आता चिलीला गेला. हे तिसरं वर्ष, बाई."

नेल्बाबाईंना आणखी सांगावं लागलं नाही. नव्या आत्म्याचं टेबल तीन वर्षं मांडतात. त्यानंतर तो कायमचा जातो, पुन्हा घरी येत नाही. रोक्सानाने काल मैत्रिणीच्या घरी आईसाठी टेबल मांडलं होतं. आता निरोप द्यायचा होता आणि आई कोणत्या भिंतीत आहे तेच तिला माहीत नव्हतं.

"कोनाडा कोणता तेवढं सांगा. बारा वाजायच्या आत."

"साहेब?" नेल्बाबाईंनी विल्बेरकडे पाहिलं.

"दहा..." विल्बेर म्हणाला आणि थांबला. नेल्बाबाईंच्या कपाळावर आठी होती.

मग त्याने एकेक वायर काढून फुंकर मारली. फुंकर मारून फरक पडत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण मागे रांग उभी असली की माणसाला काहीतरी करताना दिसावं लागतं. दुसऱ्या जागी यादी उतरवून घ्यावी, तर सर्व्हरची डिस्क नगराध्यक्षांच्या कार्निव्हलमधल्या नाचाच्या व्हिडिओंनी गच्च भरलेली. सर्व्हरच बंद करून चालू करावा, तर तो चौकातल्या नगरपालिकेत कुलपाआड. इथून बंद करता आला असता, पण चालू करायला तिथे जाऊन बटण दाबावं लागलं असतं आणि किल्ली घेऊन रखवालदार डोंगरापलीकडे आपल्या आईच्या टेबलाशी बसलेला.

"तुमचं यंत्र नेमकं कशावर अडलंय?" नेल्बाबाईंनी विचारलं.

"जुनी यादी काढल्याशिवाय नवी ठेवता येत नाही. आणि कुणीतरी ती उघडून बसलं असेल तर काढता येत नाही. त्याचं वाचून होईपर्यंत थांबावं लागतं."

"मग कोण बसलंय उघडून?"

हा प्रश्न खरं तर त्यालाच पहिल्यांदा सुचायला हवा होता. त्याने खाकरून आत कोण कोण आहे ते पाहिलं. दोनच नावं होती. एक त्याचं स्वतःचं. दुसरं वाचल्यावर तो खुर्चीत जरा मागे सरकला.

सेनोबिओ.

सेनोबिओकाका या कचेरीतले जुने कारकून. एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या पेटीला विल्बेरने स्वतः खांदा दिला होता.

"नेल्बाबाई," तो आवाज खाली आणून म्हणाला, "सेनोबिओकाकांच्या नावाने तुम्ही आत शिरलात का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"मी? माझ्या नावाने शिरता येत नाही मला, त्यांच्या नावाने कशाला शिरू?"

"कुणीतरी शिरलंय. आणि अजून आत आहे."

"कधीपासून?"

विल्बेरने वेळ पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"काल दुपारी बारापासून."

नेल्बाबाईंनी छातीवर क्रूस काढला, पण चेहरा मात्र एकदम निवळला. "मग बरोबर आहे!" त्या म्हणाल्या. "दुसरं कुठे जातील ते?"

आणि विल्बेर नको नको म्हणत असताना त्या अंगणात गेल्या आणि रांगेला सांगून मोकळ्या झाल्या, की सेनोबिओ आलेत, आत यादी वाचत बसलेत, त्यांचं झालं की तुमचं होईल.

कुणी घाबरेल, पळेल, निदान किंचाळेल असं विल्बेरला वाटलं होतं. कसलं काय! रांगेत समाधान पसरलं.

"जिवंत होते तेव्हा सुटीच्या दिवशी बोलावून यायचे नाहीत," एक म्हातारा म्हणाला. "बरेच सुधारले म्हणायचे!"

"माझ्या आत्याचं विचारा ना त्यांना," मागून एक बाई म्हणाली. "त्यांनीच तिला ठेवलं होतं, त्यांच्या लक्षात असेल."

"हळू बोला, वाचतायत ते."

विल्बेरला घाम फुटला. दुसऱ्याच्या पासवर्डने आत शिरणारा जिवंत चोर त्याला परवडला असता. तो उठला आणि एकेका खोलीतला कॉम्प्युटर तपासत निघाला. सगळे बंद. राहिली टोकाची खोली, सेनोबिओकाकांची. तिथे कचेरीने त्यांचं टेबल मांडलं होतं, कारण पहिलं वर्ष होतं आणि त्यांचं निम्मं आयुष्य त्याच खोलीत गेलं होतं. काळं कापड, त्यांचा फोटो, माणसांच्या आकाराचे भाजलेले पाव, आत्म्याला वर चढून जायला पावाची शिडी, उसाची दोन कांडं, शेंगदाण्याच्या सुपाचा वाडगा, मक्याच्या दारूचा घडा आणि त्यांचा चष्मा. मधोमध त्यांचा कॉम्प्युटर. काल याच टेबलासमोर विल्बेरने प्रार्थना म्हटली होती आणि एक पाव घेऊन खाल्लाही होता. कॉम्प्युटर आठवण म्हणून ठेवलाय असं तो धरून चालला होता. स्क्रीन काळीच होती.

आता तो खाली वाकला. काळ्या कापडाखालून एक वायर निघाली होती ती थेट भिंतीत गेली होती.

"मावशी! हा चालू आहे?"

टेबलाशेजारी सेनोबिओकाकांची बायको बासिलिआ बसली होती. तिने मान वर केली.

"चालूच असणार. काल बाराला मीच लावला. चष्मा ठेवला आणि वाचायला काहीच नको?"

"आणि यादी कुणी उघडली?"

"मीच. इतकी वर्षं डबा घेऊन यायचे, कुठे दाबायचं ते पाठ झालंय."

"पासवर्ड?"

"माझंच नाव आहे," बासिलिआ म्हणाली आणि थोडी लाजली. "लग्नाची तारीख त्याच्या लक्षात राहायची नाही. नाव तरी ठेव म्हटलं."

विल्बेरने हुश्श केलं. म्हणजे भूत नाही, चोर नाही, एक वायर आहे! त्याने सगळा प्रकार समजावून सांगितला. कालची ती चूकही सांगितली, जरा आडवळणाने. मग म्हणाला, "तर मावशी, मी हा आता बंद करतो."

"बारा वाजल्यावर."

"मावशी, बाहेर लोक खोळंबलेत."

"बारा वाजल्यावर," बासिलिआ म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाहुणा जेवत असताना कुणी पुढ्यातलं ताट उचलतं का? सात महिन्यांनी आलाय तो."

दारात रोक्साना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीचा माणूस बारापर्यंत थांबणार होता आणि दुसरीची आई बाराला निघणार होती. विल्बेरला तिथे उभं राहवेना.

तो आपल्या खुर्चीत येऊन बसला. एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्या कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नव्हती. इथून एक ओळ लिहिली असती तर सेनोबिओकाकांचं कनेक्शन तुटलं असतं आणि तिकडची स्क्रीन काळीच राहिली असती. मावशीला कळलंही नसतं. त्याने ती ओळ लिहिली. या वेळी कुणासाठी तेही लिहिलं. बोट एंटरवर ठेवलं. बोट हलेना! घरी वडिलांचा पेला अजून टेबलावर होता. सकाळी निघताना त्याने पाहिलं तेव्हा त्यातली दारू किंचित उतरली होती. उन्हाने उतरते, हे त्याला माहीत होतं. तरी तो पेल्याला 'येतो' म्हणून निघाला होता.

"काय करताय?" रोक्साना मागे येऊन उभी राहिली होती.

"एंटर दाबलं की काका बाहेर. मग तुमची आई लगेच सापडेल."

"मावशींना विचारलंत?"

"नाही."

"त्या आत बोलतायत त्यांच्याशी." तिने टोपली कडेवर घेतली. "आई जात होती तेव्हा भावाने फोन तिच्या कानाला लावला होता. मी मशीनवरून उठून संडासात जाऊन बोलत होते. मधेच लाईन तुटली. कुणी मुद्दाम तोडली नव्हती हो. तरी अजून रात्री तेच ऐकू येतं, पलीकडचं काही नसणं. तुम्ही तर मुद्दाम तोडणार."

विल्बेरने बोट उचललं आणि लिहिलेली ओळ एकेक अक्षर करून पुसली.

"मग तुमच्या आईचं काय?" त्याने विचारलं. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"तिला राग यायचा नाही," रोक्साना म्हणाली, आणि हे बोलताना मात्र तिचे डोळे भरले. "पाव आणलेत, ते परत कुठे नेऊ? तुमच्या काकांसाठी तरी म्हणते प्रार्थना."

ती टोकाच्या खोलीत गेली. बासिलिआने सरकून जागा दिली. रोक्सानाने गुडघे टेकले, "सेनोबिओंच्या आत्म्यासाठी," असं स्पष्ट म्हणाली, कारण कुणासाठी ते आधी सांगावं लागतं, नाहीतर प्रार्थनेला पत्ता राहत नाही. प्रार्थना झाल्यावर तिने आईसाठी भाजलेली पावाची शिडी टोपलीतून काढली आणि काकांच्या शिडीला टेकवून ठेवली. शिडी लांब होती. तिचं टोक माऊसला लागलं आणि स्क्रीन लख्ख उजळली.

विल्बेर दारातच होता. त्याने पहिलं नाव वाचलं. आबास्तो, आदेला. मग दुसरं. आबेन्दान्यो, तोरिबिओ. तिसरं, चौथं. एकही पोन्सिआनो नाही!

"कुणी हलू नका!" तो असा ओरडला की अंगणातल्या रांगेने टोप्या काढल्या.

"दिसले का?" नेल्बाबाई धावत आल्या.

"ही जुनी यादी आहे! काकांनी... म्हणजे मावशींनी माझ्या आधी उघडलीय. मी केलेला घोळ इथवर आलेलाच नाही! मावशी, 'शोधा' दाबू नका, देवाशपथ! ते दाबलंत की नवीन वाचायला जाईल आणि सगळे पोन्सिआनो होतील. नुसता खालचा बाण."

"मी दाबते," बासिलिआ म्हणाली. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसावं हे तिला चाललं नसतं, आणि विल्बेरने तर मुळीच नाही. तिने फोटोकडे पाहून "वाचतोयस ते जरा दाखव" म्हटलं आणि बाण दाबला. एक नाव. तिने ते मोठ्याने वाचलं. दुसरा बाण, दुसरं नाव. तेही मोठ्याने वाचलं.

"मावशी, रिओहा फार खाली आहे. दाबून धरा."

"हे सगळे आज निघालेत. नाव न घेता कशी पुढे जाऊ यांच्यावरून?"

घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. विल्बेर कपाळ धरून खाली बसला. शेवटी नेल्बाबाईंनी मध्यस्थी केली. बासिलिआने बाण दाबून धरायचा, आणि मागे पडणाऱ्यांची तोंडाने क्षमा मागत राहायची. मग नावं भराभरा वर सरकू लागली आणि बासिलिआ म्हणत राहिली, "माफ करा, घाई आहे... माफ करा हं... अगं दोलोरेस, तू पण! माफ कर... माफ करा, पाद्रीबाबा..."

"थांबा!" रोक्साना म्हणाली.

रिओहा, दामिआना. पूर्वेची भिंत, चौथी ओळ, कडेचा कोनाडा.

रोक्सानाने ते दोनदा वाचलं. मग तिने बासिलिआचा हात उचलून कपाळाला लावला आणि टोपली घेऊन पळाली. अंगणातल्या रांगेने तिला वाट करून दिली. त्यानंतर बासिलिआ वरखाली जात प्रत्येकाचं नाव शोधत बसली, आणि कोनाडा सापडला की लोक टेबलावर एक पाव ठेवून जात. काकांच्या पुढ्यात पावांचा ढीग झाला. जिवंतपणी एवढी आवभगत त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

घंटा झाली. रांग तोवर संपली होती. बासिलिआने चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"जा आता," ती फोटोला म्हणाली. "जपून जा. पुढच्या वर्षी पुन्हा लावीन." मग विल्बेरकडे वळून तिने विचारलं, "कुठे दाबू?"

विल्बेरने दाखवलं. यादी मिटली. तो आपल्या खोलीत पोचेपर्यंत कालपासून तुंबलेलं रिस्टोअर भडाभडा वाहू लागलं होतं आणि खुर्चीत बसेपर्यंत संपलंही. दहा मिनिटंसुद्धा नाही! त्याने "झालं!" म्हणून हाक मारली. कचेरीत चिटपाखरूही नव्हतं. सगळे आपापल्या भिंतीपाशी गेले होते.

कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून तो पूर्वेच्या भिंतीकडे निघाला. वाटेत होविताबाईंनी गाठलं.

"झालं का नाव नीट?"

विल्बेरच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. काल सकाळचा बॅकअप, म्हणजे होतं तसंच सगळं परत आलेलं. काण्यासकट!

"पुढच्या आठवड्यात, बाई."

"दहा मिनिटांचं काम म्हणाला होतात."

"ते पुढच्या आठवड्यात."

रोक्साना लाकडी शिडीवर उभी होती. कोनाड्यात फुलं खोचलेली, मडक्यातली दारू कडेवरून ओघळलेली. बारानंतर जो येऊन प्रार्थना म्हणेल त्याला पाव द्यायचा, तसं ती देत होती. डोळे सुजले होते, पण चेहरा झोप झालेल्या माणसासारखा हलका दिसत होता. विल्बेरला पाहून ती खाली उतरली आणि टोपलीतला सगळ्यांत मोठा पाव तिने काढला. तो बाईच्या आकाराचा होता. वेणीसुद्धा घातलेली होती.

"म्हणा, इंजिनिअरसाहेब."

विल्बेरने टोपी काढली, डोळे मिटले आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा'पासून आमेनपर्यंत एका दमात मजल मारली. मग हात पुढे केला.

रोक्सानाने पाव मागे घेतला.

"कुणासाठी, ते सांगितलंच नाहीत!"

"गेली आता सगळ्यांच्या नावावर," बाजूच्या शिडीवरून नेल्बाबाई म्हणाल्या.

विल्बेर मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने गुडघे टेकले, वर कोनाड्याकडे एकदा पाहून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "दामिआना रिओहांसाठी. फक्त त्यांच्यासाठी."

आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.